यॉर्कमध्ये नाकाने पाहिलेलं दहावं शतक

इंग्लंडमधल्या यॉर्कच्या योर्विक वायकिंग सेंटर या संग्रहालयाला जाणार असाल, तर त्या दिवशी अत्तर, डिओ काही लावू नका. मी लावून गेले होते, त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटं मला माझाच वास येत राहिला.

१९७६ ते १९८१ मध्ये यॉर्कमधल्या कॉपरगेट या रस्त्यावर उत्खनन झालं, त्याच जागेवर १९८४ साली हे संग्रहालय उघडलं. वर रुळाला टांगलेल्या छोट्या गाडीत बसून आपण वायकिंगांच्या, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी लोकांच्या, साधारण इसवी सन ९६० च्या उभ्या केलेल्या वस्तीतून फिरतो. पुतळे आणि आवाज चांगलेच आहेत, पण माझ्यासोबत घरी आले ते तिथे मुद्दाम सोडलेले वास. आधी धूर, मग मासळी. मग काटक्यांच्या कुडाआड संडासाला बसलेला माणूस. तो दिसण्याआधीच नाकाला कळतं! शेजारची मुलं नाक दाबून खिदळत होती. मला मात्र त्या वासाचं मोल फार वाटलं, कारण तो नुसता मौजेसाठी नाही, त्याला पुराव्याचा आधार आहे. तिथल्या ओल्या, हवा न पोचणाऱ्या मातीत लाकूड, कातडं, बिया आणि शौचखड्ड्यांतला ऐवजही टिकून राहिला. पुढच्या दालनात १९७२ मध्ये, या उत्खननाआधी, जवळच सापडलेली वायकिंग काळातली विष्ठा काचेआड ठेवली आहे. तिच्यात जंतांची अंडी मिळाली. काचेपलीकडे वास येत नाही, पण गाडीतला आठवतो आणि ती वस्तू एकदम खऱ्या माणसाची होते.

वासाने आठवण जागी होते हे इथे तपासूनही झालंय. जॉन अ‍ॅगल्टन आणि लुईस वॉस्केट या संशोधकांनी, योर्विक पाहून काही वर्षं झालेल्या लोकांना तिथल्याबद्दल प्रश्न विचारले. तिथलेच वास हुंगायला दिले तेव्हा उत्तरं जास्त बरोबर आली. हा अभ्यास १९९९ चा.

नाक फार लवकर सरावतं, म्हणून प्रत्येक नव्या देखाव्याशी पहिला श्वास सावकाश घ्या. वास मिसळल्यासारखे वाटले तर स्वतःच्या कोपराच्या घडीत नाक खुपसून दोन श्वास घ्या, फरक पडतो. उग्र वासाने दमा किंवा अर्धशिशी उठत असेल तर तिकीट काढतानाच विचारून घ्या, कारण चालत्या गाडीतून मध्येच उतरता येत नाही. व्हीलचेअर असेल तरी आधी कळवा. वेळ ठरवून ऑनलाइन बुकिंग करणं बरं, सुट्टीत रांग लांबते. आणि बाहेर पडल्या पडल्या, कॉफी घ्यायच्या आधी, आठवतील ते वास वहीत लिहून काढा. माझ्या यादीत चारच निघाले. पाचवा रात्री झोपताना आठवला, ओल्या मातीचा.