ट्रेलर बांधणी : गॅस आणि गरम पाणी

मंडळी, गाडीमागे ओढायच्या माझ्या राहत्या ट्रेलरचं सुतारकाम आटोपलं. गाद्या, पडदे वगैरे झालंय, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सध्या गॅस आणि गिझर.

सिलिंडर आत ठेवायचा नाही, हे आधीच ठरलेलं. सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले वेल्डरमामा म्हणाले, "बाहेर ठेवला तर कुणीतरी उचलून नेईल की, साहेब!" म्हणून पुढच्या दांड्यावर कुलपाची लोखंडी पेटी केली. दार बाहेरून, खोलीकडच्या बाजूला एकही फट नाही आणि तळाला जाळी. मामा जाळी वर लावायला निघाले होते. पण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचणार. गॅस डिटेक्टरही त्यासाठीच जमिनीपासून वीतभर उंचीवर लावलाय. पाच किलोची टाकी पट्ट्याने उभी बांधलीय. आडवी झाली तर द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. पेटीला पांढरा रंग दिला, आपला मे महिना माहीतच आहे. गाडी हलवायची तर टाकी बंद, यात तडजोड नाही.

जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. शेगडीकडच्या नटाशी मोहरीएवढा बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. वासाचा पत्ता नव्हता. नट अर्धा आटा आवळल्यावर फेस शांत. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजून भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार.

आता गिझर. मिनिटाला सहा लिटरचा गॅस गिझर पूर्ण आचेवर तासाला जवळजवळ एक किलो गॅस खातो, आणि एक किलो गॅस नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. माझं बाथरूम दोन घनमीटरचंही नाही. म्हणजे दार लावून दहा मिनिटं आंघोळ केली, तर आतल्या सगळ्या हवेइतकी हवा गिझरलाच हवी! ती कमी पडायला लागली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. डोकं दुखतं, गरगरतं, आणि माणसाला वाटतं गरम पाण्याने गुंगी आली. एक्झॉस्ट पंखा लावून भागेल असं काहीजण म्हणतात, मला पटत नाही. गिझर मागच्या बाहेरच्या भिंतीवर, पत्र्याच्या आडोशाला बसवला. आत फक्त गरम पाण्याचा पाइप येतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ आहेच, कारण शेगडी आत आहे.

ज्योत निळी असली पाहिजे. पिवळी पडून भांडं काळं करायला लागली तर बर्नर साफ करा, नुसती खिडकी उघडून चालवून नेऊ नका. बोअरचं पाणी भरणाऱ्यांनी गिझरच्या तांब्याच्या नळ्यांतल्या क्षारांवरही लक्ष ठेवावं.

अमेरिकेतल्या ट्रेलरचे व्हिडिओ बघून हिमालयातल्या स्पितीचे बेत आखणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिकडे प्रोपेन असतो, तो उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो. आपल्या टाकीत ब्युटेनही असतो आणि तो शून्याच्या आसपासच अडतो. सोलापुरात याचा काही संबंध नाही, पण स्पितीतल्या पहाटे शेगडी मंदावली तर रेग्युलेटरला शिव्या देऊ नका. आणि टाकीला शेक तर अजिबात देऊ नका.

राहिलंय ते एवढंच : बारा व्होल्टचा पंप धक्के देत पाणी ढकलतो, त्यामुळे नळ बारीक केला की गिझर विझतो आणि परत पेटतो. मध्ये छोटी प्रेशर टाकी टाकणार आहे. कुणी बसवली असेल तर किती लिटरची, ते सांगा.