वस्तादांसाठी पडद्यावर आकडे

कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्त्या फिल्मसाठी तीन कॅमेऱ्यांवर घेतल्या. पण कुठला डाव नेमका कुठं लागला, हे सांगावं आमच्या पेठेतल्या वस्तादांनीच, आणि ते काही एडिटिंगला येऊन बसणार नव्हते. मग चित्रावरच टाइमकोड (तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, यांचा आकडा) उमटवून क्लिप त्यांच्या मोबाइलवर पाठवायचं ठरलं. मोबाइलचा प्लेअर मिनिट-सेकंदापर्यंतच दाखवतो. आपल्याकडं सेकंदाला 25 फ्रेम, आणि पाठ टेकायला तेवढ्या फ्रेमही लागत नाहीत. शिवाय चित्रात उमटलेला आकडा फाइल कितीही दाबली तरी जात नाही.

आधी तिन्ही कॅमेरे जुळवायचे होते. सगळ्यांचा टाइमकोड फ्री रनवर, घड्याळाच्या वेळेला लावलेला. म्हणजे रेकॉर्डिंग थांबलं तरी आकडा पळत राहतो. पहिल्या जोडीला सगळं चपखल बसलं. मानाच्या कुस्तीला मात्र तिसरा कॅमेरा दहाएक सेकंद मागं! आकडे शेजारी लावून बघितल्यावर उलगडा झाला. भाड्यानं आलेला तो कॅमेरा सेकंदाला 29.97 फ्रेमवर होता, तोही नॉन-ड्रॉप, म्हणजे आकडे न गाळणारा. तो 30 फ्रेम झाल्या की एक सेकंद मोजतो, त्यामुळं तासाला 3.6 सेकंद मागं पडतो. ड्रॉप-फ्रेम असता तर मधले काही आकडे गाळून (फ्रेम नव्हे, फक्त आकडे) घड्याळाबरोबर राहिला असता. तिथं सेकंदानंतर बहुधा अर्धविराम (;) दिसतो. इथं साधा अपूर्णविराम (:) होता. शेवटी पंचाच्या शिट्टीवर आवाज जुळवून एकेक कुस्ती बसवली.

दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा बर्न-इन (चित्रावर आकडे उमटवायची सोय) चालू केलं आणि पहिली क्लिप पाठवली. लगेच वस्तादांचा फोन.

"कुस्ती आठ मिनिटांची, आनि हितं एक तास कुठनं आनलास रं?"

टाइमलाइन तिथं 01:00:00:00 पासूनच सुरू होते. ती शून्यावर आणली. दुसरी तक्रार, ढाक या डावाबद्दलची, जास्त मोलाची.

"आकडं वर घे. पाय झाकत्यात. ढाक पायातच कळती."

आकडे वरच्या कोपऱ्यात गेले. त्यानंतर पट्ट्यांवर लिहिलेल्या डावांच्या नावांबद्दल वस्तादांचे निरोप असे यायला लागले: "चार बावीस, म्होरं नऊ. हितं पट काढलाय, तू घिस्सा लिवलास." फ्रेमचा आकडा त्यांनी कुणी न शिकवता वाचायला घेतला होता. मी 00:04:22:09 वर जायचं, तर बरोबर तोच हात पटाखाली.

नावांच्या पट्ट्या दुरुस्त झाल्या की डिलिव्हर पानावर (जिथून तयार फिल्म बाहेर काढतात) बर्न-इन 'नन', म्हणजे बंद, करायचं. नाहीतर तेच आकडे घेऊन फिल्म थेट मोठ्या पडद्यावर जाते.