गावाबाहेरचा प्लॉट

परवा दुपारी नागपूरच्या मेट्रोनं खापरीहून बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, येत होतो. उज्ज्वल नगरच्या आसपास एका गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या दिसल्या. जुन्या लुगड्यावर, चार कोपऱ्यांना चार विटा, आणि टाकीच्या सावलीत एक बाई काठी घेऊन बसलेली, कावळ्यांसाठी. तिनं वर पाहिलं, मी खाली पाहिलं, आणि उगाच ओशाळल्यासारखं झालं. गच्चीवर कोणी बघत नाही या भरवशावर आपल्याकडं काय काय चालतं, आणि आता दर थोड्या वेळानं डबाभर लोक वरून बघत जातात.

मग आठवलं, इथंच कुठंतरी आपलं घर असतं की. 1984 साली बाबांच्या ऑफिसातले एक काका आम्हाला स्कूटरवर बसवून सोमलवाड्याला प्लॉट दाखवायला घेऊन आले होते, मी पुढं उभा, हँडल धरून, डोळ्यात धूळ. काळी माती, बोरीचं झाड, चुन्याच्या फक्कीच्या रेघा. काका म्हणे हा हॉल, हे किचन. मी किचनमधली बोरं खाल्ली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, बस येते का इथवर? येत नव्हती. घरी आजीनं तर निकालच लावला, गावाबाहेर कोण राहाते बाप्पा. झालं, आम्ही जुन्या गावात, महाल भागातल्या दोन खोल्यांतच राहिलो.

आजीचं गाव रुळांपाशी संपायचं. महाल, इतवारी, शुक्रवारी तलाव, आणि मग रूळ. रूळ ओलांडून बर्डीवर जायचं तर ती लुगडं बदलायची. आता गंमत अशी की 1867 ला रेल्वे आली तेव्हा जुनं नागपूर सगळं पूर्वेला आणि स्टेशन बाजूला पडलेलं, म्हणजे तेही गावाबाहेरच. मग 1877 ला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली ती रुळांच्या जवळ, कापसाचा बाजार त्याच अंगाला, संत्र्यांचा तर स्टेशनला अगदी चिकटून. गावानं झोपेत कूस बदलावी तसं झालं, आणि आजीसारख्यांना ते कोणी सांगितलंच नाही.

अमरावती रोडवर आठवा मैल आहे ना, तिथून जाताना मला दरवेळी हसू येतं. मैल गेले, किलोमीटर आले, नाव मात्र तिथंच बसून. कधीतरी तिथं आठव्या मैलाचा दगड सोडून सांगण्यासारखं काहीच नसेल, आता ट्रक, टायरवाले, ढाबे आणि ट्रॅफिक जाम.

आपण देशाच्या मधोमध आहोत याचा आपल्याला भारी अभिमान, तो मध्य दाखवणारा झिरो माइलचा दगड काय अन् काय. पण मध्यावर असण्याचा भरवसा नसतो राजेहो. 1949 पासून टपालाची विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून रात्री निघून आपल्या सोनेगाव विमानतळावर भेटायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेच्या आत परत. अर्ध्या रात्री सगळा देश आपल्या धावपट्टीवर! मग थेट उडणारी जेट आली, मधे थांबायचं कारणच उरलं नाही. आता सोनेगावला रात्री कोण कोणाला भेटतं?

तर सांगायचं काय होतं, हां, प्लॉट. मेट्रोत असतानाच भाच्याचा फोन. "मामा, शिवमडक्याजवळ एक लेआउट पडून राहिलाय, समृद्धी महामार्ग तिथूनच सुरू होतो, 701 किलोमीटर, आठ तासांत मुंबई."

मी म्हटलं, "मला रोज मुंबईला नाही जायचं रे, दूध कुठून आणायचं ते सांग."

तो हसला. ऑनलाइन येते म्हणे. यावर मला काही सुचेना, तेवढ्यात बर्डी आलं.

रविवारी बघायला जायचं ठरलंय, त्याच्याच गाडीनं. बायकोला कुरडयांचं सांगितलं तर ती म्हणाली, प्लॉट कसाही असो, गच्चीवरून काही जाणार नाही ना, तेवढं विचारून घ्या.