मलप्रभेच्या काठाने, एका लेन्सच्या शोधात

क्रॉप सेन्सरवरून (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग लहान) फुल फ्रेमवर (तोच भाग मोठा) जायचं ठरलं की बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, कुठली घ्यायची यावर आपण महिनोन्महिने डोकं खपवतो, पण खरा प्रश्न लेन्सचा असतो, आणि तो दुकानात उभं राहून किंवा रिव्ह्यू बघत बसून सुटत नाही असं माझं ठाम मत आहे. लेन्स आपल्या मुलखात, आपल्या उजेडात फिरून ठरवावी. म्हणून मी आधी नुसती बॉडी घेतली आणि श्रावण संपता संपता दोन मागून आणलेल्या लेन्स बॅगेत टाकून आमच्या बेळगाव जिल्ह्यात फिरलो. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते तिथून सुरुवात करून सौंदत्तीजवळ नवीलतीर्थला तिच्यावर धरण बांधलंय तिथपर्यंत, आणि मधे वाट वाकडी करून घटप्रभेवरचा गोकाकचा धबधबा.

हाच रस्ता का, तर आमचा जिल्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार बदलतो. पश्चिमेला खानापूर तालुका, म्हणजे पाऊस, लाल माती, भातशेती आणि दुपारी बारालासुद्धा अंधारून येणारी झाडी. पूर्वेकडे यरगट्टी-सौंदत्ती लागली की काळी माती, उघडा माळ आणि डोळ्यावर येणारा उजेड. एकच लेन्स या दोन्हीकडे चालली तर ती आपल्याला कुठंही चालेल, एवढा साधा हिशोब.

आधी माझ्याकडे काय होतं ते सांगतो. निकॉन डी ५६०० आणि तिच्यावर कायमची बसलेली १८-१४० लेन्स (हे आकडे मिलिमीटरमधली फोकल लेंग्थ: लहान आकड्याला जास्त रुंद दिसतं, मोठ्याला लांबचं जवळ येतं). क्रॉप सेन्सरवर दीडने गुणायचं, म्हणजे फुल फ्रेमच्या भाषेत ती २७-२१० झाली. नवीन बॉडी निकॉन झेड ५. जुनी लेन्स अडॅप्टर लावून हिच्यावर चालते, फोकससुद्धा नीट होतो, पण कॅमेरा आपोआप क्रॉप मोडमध्ये जातो (सेन्सरचा मधलाच भाग वापरतो) आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात. मग फुल फ्रेम घेऊन उपयोग काय? त्यामुळे "जुन्या लेन्सवर भागवू की काही दिवस" असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की चार दिवस ठीक, पण बजेट ठरवताना लेन्सचे पैसे पहिल्यापासून धरूनच चाला.

घरातून निघायच्या आधी एक काम केलं आणि ते प्रत्येकानं करावं असं मला मनापासून वाटतं. लाइटरूम या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत मेटाडेटा फिल्टर असतो, त्यात फोकल लेंग्थ निवडली की कुठल्या लेंग्थला आपण किती फोटो काढलेत ते सगळं समोर येतं. माझे बहुतेक फोटो १८ ते ३५ मधले निघाले आणि मग एकदम एक मोठा ढीग १४० वर, मधलं फार थोडं. दीडने गुणलं तर २७ ते ५२, आणि २१०. आता त्या १४० च्या ढिगातले फोटो एकेक करून बघितले तर बरेचसे असे होते की दोन पावलं पुढं गेलो असतो तर फुल फ्रेमच्या १२० वरसुद्धा आले असते. लांबच हवेत असे फोटो म्हणजे पक्षी आणि डोंगरावरून काढलेली गावं. आपल्याला काय "लागेल" याच्यापेक्षा आपण काय काढतो हे आकडे जास्त खरं सांगतात.

मामांचा बेळगावात खडे बाजारला स्टुडिओ आहे, लग्नाचे फोटो काढण्यात त्यांची उमर गेली. त्यांच्याकडं २४-७० एफ २.८ पण आहे आणि २४-१२० एफ ४ पण (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून उजेड जास्त). मी विचारायला गेलो तर म्हणाले, "काय रे, बॉडी घेतलास आणि लेन्स नाही? ये बस, चहा घे आधी." मग २४-७० माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही गळ्यात घालून बाजार फिरून ये, मग बोलू." संध्याकाळी गणपत गल्लीपर्यंत जाऊन आलो. लेन्स म्हणाल तर अप्रतिम, काय तो शार्पनेस, पण ८०५ ग्रॅम नुसती लेन्स, वर बॉडी, आणि किंमत माझ्या आवाक्याबाहेरची. शिवाय ७० ला संपते. समोरच्या दुकानाच्या माळ्यावर मांजर बसलं होतं ते काही जवळ येईना. परत आल्यावर मामा म्हणाले, "लग्नात माझं पोट हिच्यावर चालतंय, तू काय लग्नं करतोस काय? फिरणाऱ्यानं २४-१२० घ्यावी, उगाच लेन्स बदलत बसशील तर समोरचं निघून जाईल बघ." आणि ती २४-१२० मला दिली, परत आणून दे म्हणाले. दुसरी २४-२०० एफ ४-६.३, ती टिळकवाडीतल्या एका मित्राची.

पहिला मुक्काम जांबोटीच्या बाजूला. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे, तिथं पोचलो तेव्हा धुकं इतकं की देवळाचा कळस दिसेना, आणि पाऊस बारीक बारीक पण थांबायचं नाव नाही. दोन्ही लेन्स पाणी-धुळीपासून बऱ्यापैकी सांभाळलेल्या असतात (वॉटरप्रूफ नव्हे, पुसायला पंचा ठेवाच), पण लेन्स बदलायची म्हटली तर असल्या हवेत कॅमेऱ्याचं तोंड उघडायला मन होत नाही. तिथंच पटलं की प्रवासाला एकच लेन्स म्हणतात ते आळसापोटी नाही. आमच्याकडं पावसाळा म्हणजे चार महिने, आणि बघण्यासारखं सगळं त्याच चार महिन्यात.

रस्त्याकडेला तेरडा फुललेला. २४-१२० सगळ्या झूमवर ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते, म्हणजे १२० ला फूल चांगलं मोठं येतं, पाकळीवरचा थेंब, थेंबात उलटं झाड, सगळं. २४-२०० पण जवळ जाते पण २०० ला ७० सेंटिमीटर लागतात. हे कुणी ठळकपणे सांगत नाही, पण ज्याला पानं-फुलं-कोरीवकाम आवडतं त्यानं हा आकडा आधी बघावा, मला तर मॅक्रो लेन्सची आठवणसुद्धा झाली नाही.

मग खानापूर ओलांडून हलशी. हलशीला अजून पुष्कळ लोक जात नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. जुनं नाव पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी, आणि आज तिथं जे भूवराह नरसिंहाचं देऊळ उभं आहे ते गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. आत दोन गाभारे एकमेकांसमोर तोंड करून, आणि मधल्या मंडपात उजेड फक्त दारातून येतो तेवढाच. पुजारी काकांना विचारलं, "मंडपातले खांब काढू का?" तर म्हणाले, "खांब काढा की, देवाचा तेवढा नको." तेवढंच पाळलं.

इथं दोन्ही लेन्समधला फरक कळला. २४-२०० झूम करत गेलात की शंभरच्या आधीच ६.३ वर जाऊन बसते. खांबाच्या वरच्या भागातली एक नक्षी १२० ला काढायची होती, २४-१२० ला एफ ४ वर आयएसओ ३२०० पुरला (कमी उजेडात हा आकडा वाढवावा लागतो, आणि वाढला की फोटो दाणेदार होतो), तीच फ्रेम तोच शटरचा वेग ठेवून दुसऱ्या लेन्सवर ८००० मागत होती. फोटो दोन्ही आले, फुल फ्रेम आहे शेवटी, पण सावलीतला दगड पहिल्या फोटोत दगडासारखा दिसतो, दुसऱ्यात जरा पिठाळ.

पण २४-२०० वर अन्याय नको करायला. "६.३ म्हणजे अंधारी लेन्स" असं सगळे म्हणतात, त्यांनी क्रॉपवरून येणाऱ्याचा हिशोब करून बघावा. माझी जुनी १८-१४० टोकाला एफ ५.६ होती, तिला पण दीडने गुणा, फुल फ्रेमच्या मानानं एफ ८.४ होते. म्हणजे २४-२०० माझ्या जुन्या सेटपेक्षा पाऊण स्टॉपनं तरी सरसच (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). आणि २४-१२० चा एफ ४ क्रॉपच्या भाषेत एफ २.७ पडतो. लोक क्रॉपवर २.८ झूमसाठी जीव टाकतात आणि फुल फ्रेमवर एफ ४ ला नाक मुरडतात, दोन्ही जवळपास एकच हो! सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा झाला तिथंच एक स्टॉपच्या वर काहीतरी मिळालं, मग सगळं वजन पुन्हा लेन्समध्ये कशाला घालायचं?

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती पण याच कामासाठी मुद्दाम परत बघितली. तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, रट्ट राजांच्या काळातली जैन बस्ती, म्हणजे मंदिर, नेमिनाथांची, आणि मंडपाच्या छताला मध्यभागी दगडात कोरलेलं कमळ. त्याच्याखाली मान वर करून उभं राहिलं की २४ आणि २८ मधला फरक लगेच कळतो. कागदावर चार मिलिमीटर, पण २४ ला ८४ अंश दिसतं आणि २८ ला ७५. कमळ भोवतीच्या खांबांसकट २४ ला बसलं, झूम २८ वर नेला तर खांब कापले गेले. मागं सरकायला जागा नसते ना तिथं. आपल्याकडच्या गल्ल्या, वाडे, देवळं सगळीच अशी, म्हणून २८ पासून सुरू होणाऱ्या लेन्स कितीही हलक्या आणि स्वस्त असल्या तरी मी त्या बाजूला ठेवल्या. आणि उजेड कमी असला तरी इथं २.८ ची गरज पडली नाही, कारण दगड हलत नाही आणि हाताची थरथर सावरणारं बॉडीतलं स्टॅबिलायझेशन आहे, हातात धरून सेकंदाच्या पंधराव्या हिस्श्याला आरामात. (किल्ल्यात लष्कराचा भाग आहे, तिकडं कॅमेरा रोखू नका, हे वेगळं सांगायला नको.)

गोकाकला धबधबा पूर्ण भरात होता. घोड्याच्या नालेच्या आकाराचा कडा आणि ५२ मीटरवरून खाली कोसळणारं तांबडं पाणी, बाजूला जुनी सूतगिरणी आणि वर झुलता पूल. तुषार इतके उडतात की दर फोटोला काच पुसावी लागते. इथं फिल्टरचा मुद्दा आला. माझे जुने फिल्टर (लेन्सच्या तोंडाला लावायच्या काचा) सगळे ६७ मिलिमीटरचे, ते २४-२०० ला जसेच्या तसे बसतात, २४-१२० ला ७७ लागतो. त्यामुळं पाणी रेशमासारखं दाखवणारे हळू शटरचे फोटो इथं २४-२०० वरच काढले, एफ ११ आणि एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा गडद फिल्टर, लावून. लेन्सच्या किमतीत हे फिल्टरचे पैसे पण धरायचे असतात. एक मात्र करता येतं, मोठा ७७ चा फिल्टर घेतला तर स्टेप-अप रिंग (मधली जोडकडी) लावून तोच ६७ च्या लेन्सला पण चालतो, उलटं केलं तर कोपरे काळे पडतात. परत निघताना करदंट, ही तिथली मिठाई, घेतला, गोकाकला जाऊन तो न घेता घरी आलात तर घरचे विचारतातच.

यरगट्टीवरून सौंदत्तीला जाताना ऊन पडलं. यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडची माणसं, ओळखीची मराठी कानावर येत होती, मधेच कन्नड, आणि "उदो उदो" तर दोन्हीकडचं एकच. भंडारा असा उधळतात की हवाच पिवळी. इथं कॅमेरा उघडून लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर हळद लावून घेणं. डोंगरावर २४-१२० लावली ती खाली उतरेपर्यंत काढली नाही. परडी घेतलेल्या एका आजींना विचारून त्यांचा फोटो ८५ च्या आसपास काढला, मागची गर्दी मऊ झाली, पण ती गर्दी आहे हे कळतं, मला असंच आवडतं, पार लोणी करून टाकलेलं नाही.

डोंगरावरून रेणुकासागराचं, म्हणजे नवीलतीर्थच्या धरणाचं, पाणी दिसतं, तिथं मला २०० ची आठवण आली हे खरं. पण १२० वर कॅमेरा क्रॉप मोडला टाकला तर १८० एवढं दिसतं आणि १० मेगापिक्सेल उरतात. ए फोर साइज ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) छापायला पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात, म्हणजे प्रिंटसुद्धा निघते. कणकुंबीला ज्या नदीचं पाणी ओंजळीत मावत होतं तिचा समुद्रासारखा फोटो इथं असाच काढला.

तर माझं ठरलं, २४-१२० एफ ४. ६३० ग्रॅम. जोडीला ४० एफ २, ती फक्त १७० ग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून ८०० ग्रॅम, मामांच्या एकट्या २४-७० पेक्षा पाच ग्रॅम कमीच, आणि एफ २ म्हणजे रात्रीसाठी २.८ पेक्षासुद्धा एक स्टॉप जास्त. कॅननवाल्यांनी आरएफ २४-१०५ एफ ४ बघावी (७०० ग्रॅम), सोनीवाल्यांनी त्यांची २४-१०५ (६६३ ग्रॅम), हाच विचार लागू पडतो. सोनीवर टॅमरॉनची २८-२०० एफ २.८-५.६ पण आहे, ५७५ ग्रॅम, ज्यांना गल्ल्यांपेक्षा माळ आणि डोंगर जास्त आवडतात त्यांनी तिचा विचार जरूर करावा. आणि ज्यांच्या आकड्यांत १४० चा ढीग माझ्यापेक्षा मोठा निघेल, पक्षी-प्राणी जास्त असतील, त्यांनी बिनधास्त २४-२०० घ्यावी, ती खरंच चांगली लेन्स आहे, मित्राला परत देताना मी त्याला तसं सांगितलं पण.

मामांची लेन्स पुसून, कुंद्याच्या (बेळगावची मिठाई) बॉक्ससकट परत केली. माझी स्वतःची आली आहे, ७७ चा पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) तेवढा यायचाय. ४० एफ २ जरा सावकाश घेणार, पण वैशाखाच्या आत नक्की, कारण तेव्हा बेळगावात शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर निघतात आणि त्या उजेडात एफ ४ कमी पडणार.