गाडीत पाणी शिरलं की लगेच सिलिकॉन लावू नका

पायाखाली पाणी दिसलं की बहुतेक जण मॅट काढून उन्हात टाकतात आणि काम झालं असं समजतात. मॅटखाली कार्पेट असतं, कार्पेटखाली जाड फोम किंवा फेल्टचा थर. हा थर काही लिटर पाणी सहज पिऊन बसतो. वरून कार्पेट हाताला कोरडं लागतं, खाली मात्र आठवडेच्या आठवडे ओल राहते. दाराच्या उंबऱ्यावरची क्लिपची पट्टी वर ओढून काढा, कार्पेटची कड उचला आणि फेल्ट बोटांनी दाबून बघा. खरा अंदाज तिथेच येतो.

ते पाणी पावसाचंच आहे ना, हेही पाहून घ्या. एसी चालवल्यावरच, तेही डॅशबोर्डखाली आणि पाऊस नसताना पाणी येत असेल, तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल, काचेला आतून तेलकट धुकं धरत असेल, तर हीटर कोअरमधून (डॅशबोर्डमागचा, गाडीत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर) कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळतंय. या दोन्हींचा पावसाशी काही संबंध नाही.

ओल दिसते तिथूनच पाणी शिरलं असेल असं नाही. ते पत्र्याच्या आतून, वायरिंगच्या आधाराने सरकतं आणि सखल भागात साचतं. चढावर उभ्या गाडीत पुढून शिरलेलं पाणी मागच्या सीटखाली सापडतं ते म्हणूनच.

सगळ्यात आधी बोनेट उघडा. वायपरखालच्या जाळीच्या आत एक पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही टोकांना निचऱ्याची भोकं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानांचा चिखल तिथे घट्ट बसतो, पाणी चढतं आणि ब्लोअरच्या हवेच्या वाटेने आत येतं. केबिन फिल्टर भिजलेला किंवा डाग पडलेला असेल तर शंका इथेच घ्या. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायरिंग जिथे आत जातं, तिथलं रबरी ग्रॉमेटही (भोकातली सील करणारी कडी) चाचपून बघा. बाहेरून अॅक्सेसरीची वायर ओढताना ते हमखास फाटतं.

दाराबद्दल बराच गैरसमज आहे. काचेच्या रबरातून दारात पाणी उतरणारच. ते तळाच्या भोकांतून बाहेर जावं अशीच रचना असते. आतल्या पॅडमागे ब्युटाइलने (चिकट, मऊ रबरासारखा सीलंट) चिकटवलेली प्लास्टिकची शीट ते पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर किंवा पॉवर विंडोचं काम झालं की ही शीट पुष्कळदा अर्धवटच चिकटवली जाते. उंबऱ्यालगतचं कार्पेट ओलं आणि पॅडच्या खालच्या कडेला पाण्याची रेघ दिसली तर शीट तपासा. जुनं ब्युटाइल हेअर ड्रायरने गरम करून दाबलं की बहुधा परत धरतं. नाहीतर नवीन ब्युटाइलची दोरी लावा. सिलिकॉन या शीटवर टिकत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं. पुढच्या काचेच्या कडेला तर ते लावूच नका. त्याचा अंश राहिला की पुढे काच बसवताना ती चिकटवायचं युरेथेन नीट पकडत नाही.

सनरूफ असेल तर त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांत निचऱ्याची भोकं असतात, त्यांच्या नळ्या खांबांतून खाली उतरतात. कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओता. खाली गाडीबाहेर ठिबकलं पाहिजे. तुंबलं असेल तर गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी हलक्या हाताने सारा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी आतल्या आत निसटते आणि मग छताचं अस्तर उतरवायची वेळ येते. डिकीत पाणी असेल तर स्टेपनीचा खळगा, टेललॅम्पची गॅस्केट आणि डिकीचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी), एवढं आधी तपासा.

तरीही वाट सापडली नाही तर एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने साधं पाणी सोडायचं. खालून वर जायचं, एकेका भागावर पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि कळत काहीच नाही. प्रेशर वॉशर नको, तो धडधाकट सीलमधूनही पाणी घुसवतो.

आता सुकवणं. एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, म्हणून वाट सापडायची वाट पाहू नका. सीट काढायची असेल तर इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून किमान दहा मिनिटं थांबा. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. सीट जोडल्याशिवाय इग्निशन चालू करू नका, एअरबॅगचा दिवा लागतो. वेट व्हॅक्यूमने (पाणीही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर) पाणी ओढा, कार्पेटखाली लाकडी ठोकळे सरकवा आणि टेबल फॅनचा झोत त्या फटीत सोडा. फेल्ट कुबट झालं असेल तर अत्तरं फवारण्यापेक्षा ते बदललेलं बरं. कार्पेटखालच्या वायरिंगचे कनेक्टर उघडून बघा. पिना हिरवट दिसल्या तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. हे राहून गेलं तर काही महिन्यांनी सेन्ट्रल लॉक किंवा दिवे मनमानी करायला लागतात आणि पावसाची आठवणही कोणाला होत नाही.

कार्पेट परत बसवताना खाली चारही बाजूंना टिश्यू पेपर ठेवा. पुढच्या मोठ्या पावसानंतर उचलून पाहिले की गळती थांबली का ते कळतं.