कियांतीचे पांढरे रस्ते आणि आमची पाणंद

इथे रस्ता डांबरी होऊ नये म्हणून माणसे सह्या गोळा करतात, हे मी निफाडला दादाला फोनवर सांगितले, तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "त्यांना म्हण, आमची पाणंद घेऊन जा. फुकट देतो, वर गाडीभाडं पण देतो."

सह्यांचा तो कागद मी इटलीत, सिएनाच्या उत्तरेला, कियांतीच्या द्राक्षबागांच्या टेकड्यांमधल्या एका छोट्या गावात, कॅफेच्या काउंटरवर पाहिला होता. गावाबाहेरच्या चढाचा एक तुकडा डांबरी करण्याचा विचार चालू होता आणि त्याला विरोध करणाऱ्यांची यादी दोन पाने भरून तिसऱ्यावर गेली होती. माझ्याकडेही पेन सरकवण्यात आले. मी तिथली रहिवासी नाही, फ्लॉरेन्सहून सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन येते, असे सांगून मी ते परत केले. पण पुढचा सबंध चढ माझ्या डोक्यात तोच कागद होता. ज्या शिवारात मी वाढले, तिथे रस्त्यासाठी सह्या केलेल्या माणसांपैकी काही जण रस्ता न पाहताच गेले.

या भागातले पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते, म्हणजे इथले 'पांढरे रस्ते', राखण्याची चळवळ काल-परवाची नाही. १९९७ साली जानकार्लो ब्रोच्ची यांनी गायोले या गावातून 'लेरोइका' नावाची सायकलफेरी सुरू केली, तेव्हा ९२ जण आले होते. डांबराखाली जाणारे हे रस्ते वाचावेत हा त्यामागचा एक उघड हेतू होता. आता दर ऑक्टोबरात हजारो लोक १९८७ पूर्वीच्या घडणीच्या पोलादी सायकली आणि लोकरी जर्सी घेऊन तिथे जमतात, आणि त्यांतले जिद्दी लोक २०९ किलोमीटरचा सर्वांत लांब मार्ग पहाटेच्या अंधारात दिवे लावून सुरू करतात. त्याच प्रेरणेतून २००७ साली व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत निघाली, जी आज 'स्त्रादे ब्यांके' (पांढरे रस्ते) या नावाने ओळखली जाते आणि सिएनाच्या मुख्य चौकात संपते. ती तीनदा जिंकणाऱ्या फाबियान कान्चेलारा या स्विस सायकलपटूचे नाव मोन्ते सान्ते मारिएच्या साडेअकरा किलोमीटरच्या कच्च्या टप्प्याला दिलेले आहे. कच्च्या रस्त्याला माणसाचे नाव! आमच्याकडे नाव द्यायचे तर आधी रस्ता लागतो आणि त्यानंतर फलकावर कोणाचा फोटो मोठा यावर महिनाभर वाद लागतो.

सायकल चालवण्याचे सुख मात्र खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. गायोलेहून ब्रोलियोच्या किल्ल्याकडे चढताना दोन्ही बाजूंना सायप्रसची झाडे सरळ उभी असतात, खाली चुनखडीचा पांढरा खडा करकरत राहतो, आणि तासभर एकही मोटार भेटली नाही तरी नवल वाटत नाही. चाळीस मिलिमीटर रुंदीच्या टायरमधली हवा थोडी कमी ठेवली की खडे बोचत नाहीत. तरीही उतारावर, जिथे मोटारी ब्रेक लावतात तिथे, रस्ता पत्र्याच्या छपरासारखा नालीदार झालेला असतो आणि त्यावरून जाताना मनगटापासून दातांपर्यंत सगळे खिळखिळे होते. वळणावर सुटी खडी बाहेरच्या कडेला साचते, म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करावा लागतो, वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटलेच. दक्षिणेला आशानोच्या बाजूला गेलात तर द्राक्षबागा मागे पडतात आणि राखाडी चिकणमातीच्या उघड्या टेकड्या लागतात. पावसानंतर ती माती टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये बसते आणि चाक फिरेनासे होते. निफाडच्या काळ्या रानात जुलैमध्ये सायकल खांद्यावर घेऊन शाळेत गेलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही.

मला खरे कौतुक वाटले ते या रस्त्यांच्या देखभालीचे, आणि त्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे. कच्चा रस्ता म्हणजे सोडून दिलेला रस्ता, हे समीकरण घेऊन मी इथे आले होते. ब्रोलियोकडच्या चढावर उभे राहून नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की रस्त्याचा मध्य दोन्ही कडांपेक्षा किंचित उंच आहे. डोंगराकडच्या बाजूला गटार आहे, आणि ते नुसते खणलेले नसून त्यातली पाने काढलेली आहेत. ठरावीक अंतरावर रस्त्याला तिरक्या छेदणाऱ्या उथळ नाल्या आहेत, ज्यांच्यामुळे पावसाचे पाणी रस्त्याच्या लांबीने धावत सुटण्याऐवजी थोडे थोडे करून उताराकडे निघून जाते. पाण्याला वेगच मिळाला नाही तर ते खडी नेणार कशी? वसंतात यंत्राने वरचा थर खरवडून पुन्हा सारखा करतात, नवी खडी टाकतात आणि वर रोलर फिरवतात. आमच्या पाणंदीवरही मुरूम पडतो, परंतु तो पडतो मेअखेरीस, रोलरविना, गटाराविना, आणि जूनच्या दुसऱ्या पावसात ओढ्यात जातो. तोवर बिल निघालेले असते. हे तंत्र काही इटालियन लोकांनाच अवगत आहे असे नाही. सह्याद्रीच्या घाटांत पाणी कसे काढून द्यायचे हे आपल्या जुन्या गवंड्यांना आणि रस्तेवाल्यांना ठाऊक होतेच.

आता तक्रार. कॅफेतल्या त्या मंडळींचा एक युक्तिवाद असा होता की पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षे याच रस्त्यांवरून गेली, मग आता डांबर कशाला? द्राक्षाच्या घरात जन्मलेल्या माणसापुढे हा युक्तिवाद टिकणारा नाही. इथल्या कियांती क्लासिको या वाइनच्या नियमाप्रमाणे हेक्टरी साडेसात टनांहून जास्त द्राक्षे घेता येत नाहीत, म्हणजे एकरी तीन टन. तोडणी वर्षातून एकदा, सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि सान्जोव्हेझे या वाइनच्या जातीचा तो लहान मण्यांचा घड ट्रॉलीत पडल्यानंतर थोड्याच अंतरावरच्या वाइनरीत चेचायचाच असतो. त्याला दोन हिसके जास्त बसले म्हणून कोणाचे दिवाळे निघत नाही. आमची बाग खाण्याच्या द्राक्षांची. एकरी आठ-दहा टन माल, घडाला हात लावताना देठ धरायचा कारण मण्यावरची पांढरी झाक पुसली तर भाव पडतो, तळाला फोम अंथरलेले क्रेट, आणि पाणंदीचे दीड किलोमीटर अंतर पिकअप बैलगाडीच्या चालीने काढणारा ड्रायव्हर. एवढे करूनही मणीगळ झाली तर पॅकहाउसवर उभा राहिलेला व्यापारी घड उचलून हलकेच झटकतो आणि काही न बोलता खालच्या प्रतीच्या ढिगात टाकतो. शिवाय उन्हाळ्यात रस्त्याकडच्या ओळींवर धूळ बसते आणि लाल कोळी ही कीड आधी तिथेच दिसते. रस्त्याचे सौंदर्य शेतमालाच्या हिशेबात धरायचे झाले तर आधी तो माल कोणता, हे विचारावे लागेल.

मी हे सारे कॅफेत बोलले नाही. माझे इटालियन रागात तुटक होते. बोलले ते पुढे रादा गावाच्या वाटेवर, एका ऐंशीच्या पुढच्या बाईंशी, ज्यांनी मला अंगणातल्या नळावर बाटली भरू दिली. त्यांचे कपडे घराच्या मागच्या बाजूला वाळत होते. रस्त्याकडे चांगले ऊन असूनही मागे का, असे विचारल्यावर त्यांनी खिडकीच्या पट्ट्यांवरून बोट फिरवून मला दाखवले: बोटाचे टोक पिठात बुडवल्यासारखे पांढरे झाले होते. त्यांना विचारले असते तर त्यांनी डांबर मागितले असते, पण त्यांना कोणी विचारायला आले नव्हते, असे त्या हसत म्हणाल्या.

त्यांचे वडील मेझाद्रिया पद्धतीने जमीन कसत होते, म्हणजे आपल्याकडच्या अर्धेलीने. निम्मे पीक मालकाचे, आणि घरात लग्न काढायचे तरी मालकाच्या कानावर घालून. आज ज्या दगडी घरांसमोर पोहण्याचे तलाव आहेत ती बहुतेक अशा कुळांची घरे, आणि हे रस्ते म्हणजे त्या घरांना मालकाच्या वाड्याशी आणि चर्चशी जोडणाऱ्या पाणंदीच. महायुद्धानंतर कुळांची मुले कारखान्यांकडे निघून गेली. नवे अर्धेलीचे करार करायला १९६४ च्या कायद्याने बंदी आली तोवर कितीतरी घरे ओस पडली होती. आपल्याकडे कूळकायद्याने १९५७ च्या १ एप्रिलला कसणाऱ्याला मालक ठरवले, म्हणून आमचे पणजोबा जमिनीवर राहिले आणि त्यांच्यामागे आम्ही. इथे माणसे गेली, त्यामुळे रस्ता मागणारे कोणी उरले नाही, आणि पुढे इंग्लंड-जर्मनीहून घरे घेणारे आले त्यांना तो होता तसाच हवा होता. ब्रोच्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्ते वाचवले हे खरेच आहे, फक्त वाचवण्याजोगे ते उरले कसे, याचे उत्तर त्या बाईंच्या घरात जास्त सापडते.

दादा म्हणतो, तू स्वतः गाव सोडून गेलीस आणि आता मातीचे रस्ते शोधत फिरतेस. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. गावाकडे असते तर चाळीस हजारांची का होईना, सायकल घेऊन शिवारात एकटी फिरणारी बाई म्हणून माझी जी चर्चा झाली असती, ती इथे होत नाही. समोरून येणारा ट्रॅक्टर वेग कमी करतो, चालक एक बोट वर करतो, आणि संपले. एवढ्यासाठीदेखील माणूस देश सोडून राहू शकतो, आणि त्याबद्दल मला कोणाला उत्तर द्यावेसे वाटत नाही. आमच्या सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात कॉलेजला असताना हे सुख मला मिळाले नव्हते.

पाणंदीचे प्रकरण सध्या बांधावर अडले आहे. एका शेजाऱ्याने रस्त्यात चार ओळी वाढवल्या आहेत, दादाने तहसीलदारांकडे अर्ज केला आहे, आणि मोजणीची तारीख पुढे सरकत आहे. डांबर मिळेल अशी त्याला यंदा आशा नाही. म्हणून मी त्याला द्राक्षबागांचे फोटो पाठवण्याऐवजी त्या तिरक्या नाल्यांचे आणि गटारांचे फोटो पाठवले. त्याने ते ग्रामपंचायतीच्या गटावर टाकले आणि रात्री मला विचारले की दोन नाल्यांमध्ये अंतर किती फुटांचे आहे आणि चढ वाढला की ते कमी करतात का. कमी करतात असे दिसते, परंतु नजरेचा अंदाज सांगून चालणार नाही. ब्रोलियोकडे पुढच्या खेपेला जाताना मी टेप घेऊन जाणार आहे.