परीक्षकातली दीर्घ री

सरांचं उत्तर एका ओळीचं होतं : "येतो. परीक्षकातली री दीर्घ असते."

निबंधस्पर्धेसाठी परीक्षक म्हणून या, अशी विनंती मी त्यांना मेलवर केली होती. त्या मेलमध्ये 'परिक्षक' हा शब्द तीनदा होता, तिन्ही वेळा ऱ्हस्व. स्पेलचेक चालू होतं, पण मेलच्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे थंडरबर्डमध्ये, कोश होता फक्त इंग्रजीचा. मराठीतलं पत्र म्हणजे वरपासून खालपर्यंत लाल रेघा. दारात रोज भुंकणाऱ्या कुत्र्याकडे जसं कुणी बघत नाही, तसं मीही त्या रेघांकडे बघणं कधीच सोडलं होतं. सरांचं उत्तर आलं त्याच संध्याकाळी ठरवलं, मराठीचा कोश बसवायचा. जोडीला हिंदीचाही, कारण हिंदीतही बरीच पत्रं जातात. तासाभराचं काम, असा अंदाज होता. लागले चार दिवस.

जुन्या कॉम्प्युटरवरून जपून आणलेल्या एका फोल्डरमध्ये मराठी कोशाची फाइल होती. ती दिली, तर 'हे ॲड-ऑन या आवृत्तीशी जुळत नाही' असा संदेश. ॲड-ऑन म्हणजे प्रोग्रॅमला वरून जोडायचा भाग. असं का, म्हणून फाइल उघडून बघितली. एक्सपीआय म्हणतात ती फाइल खरं तर साधी झिप असते. नावाचं शेपूट बदललं की उघडते. आत कोशाच्या दोन फाइली, डीआयसी आणि एएफएफ, आणि सोबत प्रोग्रॅमला ओळख करून देणारं एक पत्रक. पूर्वी या पत्रकाचं नाव इन्स्टॉल-आरडीएफ असे आणि त्यात 'अमुक आवृत्तीपर्यंत चालेल' असा एक आकडा असे. तो आकडा हाताने वाढवून जुना कोश नव्या प्रोग्रॅमच्या गळ्यात मारायची युक्ती मी एके काळी वापरली आहे. आता ती चालत नाही. नव्या आवृत्त्या ते पत्रक वाचतच नाहीत, त्यांना मॅनिफेस्ट नावाची वेगळ्या बांधणीची फाइल लागते. म्हणजे जुनी फाइल बाद.

नवी मिळवायला गेले, तर वेगळीच गंमत. ब्राउझरमध्ये 'डाउनलोड' दाबलं, 'इन्स्टॉल करू का' विचारलं, मी हो म्हटलं, 'झालं' असा संदेशही आला. मेलमध्ये बघते, तर कोशाचा पत्ता नाही. पुन्हा दाबलं, तरी तेच. माझा ब्राउझर आणि माझा मेलचा प्रोग्रॅम एकाच घराण्यातले, दोघांच्या ॲड-ऑनची फाइल एकाच जातीची. मेलसाठी आणलेला कोश ब्राउझर वाटेतच आपल्या खिशात घालत होता. हे कळायला अर्धा दिवस गेला, तोही ब्राउझरमध्ये काही लिहिताना तिथल्या मराठीखालच्या रेघा गेलेल्या दिसल्या म्हणून. उपाय सोपा आहे : लिंकवर सरळ क्लिक करायचं नाही, राइट-क्लिक करून फाइल सेव्ह करायची, आणि मग मेलच्या ॲड-ऑनच्या पानावर दातेरी चाकाच्या चिन्हाखाली 'फाइलमधून इन्स्टॉल करा' असं असतं तिथून ती द्यायची.

दिली. ॲड-ऑनच्या यादीत मराठीचं नाव दिसलं. नवं पत्र उघडलं, दोन ओळी लिहिल्या आणि रेघा जशाच्या तशा! कोश बसवणं आणि कोश निवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पत्राच्या चौकटीत राइट-क्लिक करून भाषांच्या यादीत मराठीपुढे खूण केली, तेव्हा कुठे रेघा विरळ झाल्या. नव्या आवृत्त्यांत एका वेळी एकाहून जास्त भाषांवर खूण करता येते, म्हणून मी उत्साहाने मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही लावून टाकल्या.

हा उत्साह महागात पडला. दोन कोश लावले, की दोहोंपैकी एकाने जरी 'बरोबर' म्हटलं तरी शब्द पास होतो. मराठी आणि इंग्रजीचं ठीक आहे, लिपी वेगळ्या, एकमेकींच्या वाटेला जात नाहीत. मराठी-हिंदीचं तसं नाही. आपल्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तत्सम शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा : कवी, शक्ती, गुरू. हिंदीत तेच शब्द कवि, शक्ति, गुरु. त्यामुळे मराठी पत्रात मी 'कवि' लिहिलं तरी हिंदीचा कोश मागून मान डोलावतो आणि मराठीच्या कोशाचं कुणी ऐकत नाही. आता मराठी लिहिताना हिंदीची खूण काढते. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय मला सापडला नाही.

तरीही काही शब्दांखालची रेघ हटत नव्हती. त्यातल्या एकाने मला जवळजवळ वेड लावलं. मी लिहिलं 'अॅप'. खाली रेघ. राइट-क्लिक केलं, तर सुचवलेला शब्द : 'ॲप'. तो निवडला, रेघ गेली. पुढच्या ओळीत पुन्हा तोच शब्द टाइप केला, पुन्हा रेघ, पुन्हा तीच सूचना. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसत होते. चष्मा पुसून पाहिला. खरंच पुसला.

दोष डोळ्यांचा नव्हता. हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं. एक म्हणजे 'अ' आणि त्यावर वेगळा चंद्र, दोन चिन्हं मिळून. दुसरं म्हणजे 'ॲ' हे एकच सलग चिन्ह, जे युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला एकेक आकडा देणाऱ्या यादीत, २००८ साली ५.१ या आवृत्तीत आलं. माझा जुना कीबोर्ड दोन चिन्हं टाकत होता आणि कोशात एकसंध अक्षर होतं. माणसाला दिसतं ते चित्र, कोशाला दिसतात ते आकडे. 'दुसऱ्या'तल्या चंद्रकोरीसारख्या रफाराचं तेच : तो ऱ वापरूनही निघतो, आणि साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही निघतो. कागदावर एकच, कोशाच्या लेखी दोन.

इथे राहवेना म्हणून कोशाच्या त्या दोन फाइली साध्या एडिटरमध्ये उघडल्या. डीआयसी म्हणजे शब्दांची यादी. पहिल्या ओळीत अंदाजे किती शब्द आहेत तो आकडा, पुढे एका ओळीत एक शब्द आणि काहींच्या मागे तिरकी रेघ देऊन खुणेची अक्षरं. एएफएफमध्ये त्या खुणांचे अर्थ : ही खूण असेल तर हा प्रत्यय लागतो, लागताना शब्दाचं शेपूट असं बदलतं. म्हणजे आपलं सामान्यरूप! हे सगळं चालवणाऱ्या यंत्राचं नाव हनस्पेल, आणि ते मुळात हंगेरियन भाषेसाठी लास्लो नेमेथ यांनी लिहिलं. हंगेरियनही प्रत्ययावर प्रत्यय चढवणारी भाषा, म्हणून ते मराठीला बरं मानवतं. पण हनस्पेल शब्दामागचे प्रत्यय साधारण दोन थरांपर्यंत सोलतं. आणि आपण सहज 'घरासमोरच्यांनाही' म्हणून जातो. सोला किती सोलायचं ते! असा शब्द लाल दिसला तर आता मी कोशाला दोष देत नाही.

अॅचा बंदोबस्त मात्र करता येत होता. 'हे दिसलं तर ते समज' असं सांगायची सोय एएफएफमध्ये आहे, आयकॉन्व्ह नावाची. आधी अशा ओळी किती ते सांगायचं, मग प्रत्येक ओळीत आधी बदलायचं रूप आणि पुढे हवं ते रूप. मी दोन ओळी घातल्या, एक अॅसाठी, एक रफारासाठी. फोल्डर पुन्हा झिप केलं, नाव एक्सपीआय केलं, प्रोग्रॅमला दिलं, तर 'फाइल बिघडलेली आहे'. चारदा केलं, चारदा बिघडलेली. कारण इतकं क्षुल्लक, की सांगायला लाज वाटते. मी फोल्डर झिप करत होते, आणि प्रोग्रॅमला हवं होतं फोल्डरच्या आतलं सगळं थेट झिपमध्ये. मॅनिफेस्ट उघड्यावर दिसलं पाहिजे, आणखी एका फोल्डरच्या पोटात नाही. आतल्या फाइली निवडून झिप केल्या आणि एका फटक्यात काम झालं. त्या ॲड-ऑनचं आपोआप अपडेट होणं तेवढं बंद केलं, नाहीतर पुढची आवृत्ती माझ्या दोन ओळी पुसून टाकायची.

चौथ्या दिवशी शेवटची परीक्षा म्हणून तोच शब्द लिहिला. परिक्षक. रेघ आली नाही.

'परिक्षा' लिहिलं, रेघ आली. 'परिक्षण' लिहिलं, आली. 'परिक्षक' स्वच्छ. हिंदीची खूण काढलेलीच होती. कोश काढून पुन्हा बसवला, प्रोग्रॅम बंद करून उघडला, डीआयसीमध्ये शोधलं. तिथे 'परीक्षक' दीर्घच होता. मग आठवलं, की राइट-क्लिकच्या यादीत 'शब्दकोशात घाला' असंही एक असतं, आणि लाल रेघांना वैतागून मी ते कधीकाळी सपासप दाबत सुटले होते. असे शब्द प्रोफाइलच्या, म्हणजे प्रोग्रॅम माझी पत्रं आणि सेटिंग ठेवतो त्या, फोल्डरमध्ये पर्सडिक्ट नावाच्या एका फाइलीत साठतात. सगळ्या भाषांना मिळून ती एकच फाइल, आणि कोणताही कोश बसवा, तिच्यातला शब्द कायम पास.

प्रोग्रॅम बंद करून ती उघडली. दोनशेवर शब्द. आडनावं, गावांची नावं, 'आशिर्वाद', 'हार्दीक', आणि त्यांच्या मध्ये 'परिक्षक'. म्हणजे सरांना गेलेल्या त्या पानभर लाल पत्रात बिनरेघेचे शब्द हातावर मोजण्याइतके, आणि त्यात हा तीनदा.

तेवढी ओळ पुसली, फाइल सेव्ह केली, प्रोग्रॅम उघडून शब्द पुन्हा लिहिला. खाली लाल रेघ उमटली. उरलेली यादी रोज थोडी थोडी तपासते आहे. काल 'उर्जा' सापडली.